बागेतली खेळणी नंतर, आधी जमीन बघा

एका वाचक आईचं पत्र आहे. त्यांना पाच वर्षांची मुलगी आणि सव्वादोन वर्षांचा मुलगा. घरापासून पाच मिनिटं चालत गेलं की एक छोटी बाग लागते: दोन झोके, एक घसरगुंडी, चढायची लोखंडी कमान, वाळूचा खड्डा, थोडं गवत आणि काही झाडं. गेल्या महिन्यात मुलगी कमानीवरून पडली. मनगट सुजलं, हाड शाबूत निघालं, पण तेव्हापासून बागेत जाणं जवळपास बंद आहे. मुलगा तर तिथे "काहीच करत नाही". तोंडात बोट घालून इतरांकडे बघत उभा राहतो, आणि ताईसारखं वर चढवून ठेवलं की घाबरून रडतो. पती म्हणतात, ही बाग कुचकामी आहे. रविवारी गाडीने अर्ध्या तासावरच्या मोठ्या, नव्या खेळण्यांच्या बागेत जाऊ, एरवीसाठी घरातच छोटी घसरगुंडी आणू. सासरे म्हणतात, पोरं पडायचीच, त्यात काय एवढं. या आई विचारतात: "बरोबर कोण? बाग सुरक्षित आहे की नाही हे ओळखायचं कसं? आणि दोघं दोन दिशांना पळाली तर मी एकटीने काय करायचं?"

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं येऊन गेलं आहे: "खाली गवत होतं म्हणून मी निर्धास्त होते." घरातला वाद लहान बाग की मोठी, जुनी खेळणी की नवी, असा चालला आहे. पण मुलगी पडल्यावर तिच्या मनगटाला किती मार बसला, हे बऱ्याच अंशी खालच्या जमिनीने ठरवलं. म्हणून सुरुवात जमिनीपासून करू या.

गवत मऊ दिसतं, पण चढायच्या साधनाखाली ते टिकत नाही. मुलं जिथे उडी मारतात, झोका थांबवायला पाय घासतात, घसरगुंडीवरून उतरतात, तिथेच ते सगळ्यात आधी झिजतं. खालची माती रोजच्या पावलांनी ठोकून बसते आणि वाळली की फरशीइतकी कडक होते. म्हणजे जिथे मूल पडण्याची शक्यता सर्वात जास्त, नेमकी तीच जागा सर्वात कडक. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची खेळाच्या मैदानांसाठी एक मार्गदर्शिका आहे. ती गवत आणि माती यांना पडण्यापासून वाचवणारा थर मानतच नाही. युरोपीय मानकं गवताला साधारण मीटरभर उंचीपर्यंत चालवून घेतात, त्यापुढे नाही.

मग खाली काय हवं? वाळू, बारीक गोल खडी, लाकडाच्या ढलप्या, रबराचे तुकडे अशी सुटी भर, नाहीतर तपासून बसवलेला रबरी थर. सुटी भर पडणाऱ्या मुलाच्या अंगाखाली सरकते, मूल एका झटक्यात न थांबता थोड्या अंतरात थांबतं, आणि मार त्यामुळेच कमी होतो. यात खोलीला फार महत्त्व आहे. त्याच मार्गदर्शिकेनुसार 23 सेंटिमीटर वाळू साधारण 1.2 मीटर उंचीवरून पडण्यापर्यंत पुरते, तेवढीच गोल खडी 1.5 मीटरपर्यंत आणि तेवढ्याच लाकडाच्या ढलप्या 3 मीटरपर्यंत. हा थर दबल्यानंतरचा आहे. सुटी भर वापरात निदान पाव हिश्शाने दबते, म्हणून टाकताना सुमारे 30 सेंटिमीटर टाकावी लागते. वाळू ओली होऊन बसली की तिचा उपयोग आणखी घटतो.

आता हेच मोठ्या बागेला लावून बघा. तिथली खेळणी जितकी उंच, तितका खालचा थर जाड लागतो. रंगीत रबरी जमीन दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. रबराची जाडी वरच्या साधनाच्या उंचीप्रमाणे ठरवलेली असावी लागते. सांधे उघडे पडले असतील, रबर फाटलं असेल किंवा वर्षानुवर्षं उन्हाने कडक झालं असेल, तर ते फक्त दिसायलाच रबर उरतं. याउलट लहान बागेतली जेमतेम मीटरभर उंचीची घसरगुंडी, खाली भरपूर सुटी वाळू असेल, तर चांगली. त्यामुळे "ही बाग कुचकामी" किंवा "ती बाग चांगली" असा निकाल लांबून देता येत नाही. तो वाकून, मोजून द्यावा लागतो.

माझी पहिली सूचना अशी: एक दिवस मुलांना घरी ठेवून अर्धा तास एकट्याच बागेत जा. बरोबर मोजपट्टी, एक सरळ काठी आणि पुठ्ठ्याचे दोन तुकडे न्या. एक आयत, 9 सेंटिमीटर रुंद आणि 16 सेंटिमीटर लांब. दुसरा गोल, 23 सेंटिमीटर व्यासाचा.

काठी चार ठिकाणी खुपसा: प्रत्येक झोक्याखाली, घसरगुंडीच्या पायथ्याशी, कमानीच्या दोन्ही बाजूंना आणि वाळू संपते त्या कडेला. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी बहुतेक ठिकाणी खळगा पडलेला असतो. कडेची वाळू भरपूर आणि मधे चार बोटं, असं चित्र नेहमी दिसतं. अशा वेळी मुलांना सोडण्याआधी पायाने किंवा लहान दाताळ्याने कडेची वाळू मधे ओढून घ्यायची. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते दर खेपेला करावं लागतं. दाताळं फिरवताना काचा आणि खिळेही हाती लागतात.

पुठ्ठ्याचे तुकडे डोकं अडकण्याच्या जागा शोधायला. शिडीच्या पायऱ्यांमधल्या फटी, कठड्याचे गज, कमानीचे चौकोन तपासा. आयताकृती तुकडा फटीतून आत जातो, पण गोल तुकडा जात नाही, अशी फट धोक्याची. कारण लहान मूल बऱ्याचदा पाय पुढे घालून फटीतून घसरतं. धड पलीकडे निघून जातं, डोकं मागे अडकतं आणि अंगाचा भार मानेवर येतो. दोन्ही तुकडे जात नाहीत किंवा दोन्ही सहज जातात, ती फट अडकण्याच्या दृष्टीने ठीक. अडकवणारी फट सापडली तर तुमच्या धाकट्यासाठी ते साधन बंद, कितीही हट्ट केला तरी.

साखळीचे आकडे नीट बंद आहेत का तेही बघा. एखादं पातळ कार्ड फटीत जात असेल तर कपडा किंवा बोट अडकू शकतं. बाहेर आलेले बोल्ट, गंजून पातळ झालेले पाइप, हलणारे खांब, उघडा पडलेला पायाचा काँक्रीट, हे नजरेनेच कळतं. झोक्याची फळी रबराची किंवा मऊ प्लॅस्टिकची असावी. लाकडी किंवा लोखंडी फळी चालत्या मुलाच्या डोक्याला लागली की जखम गंभीर होते.

आता कमान. तुमची मुलगी पडली ती घटना मला नशिबाची वाटत नाही, समजण्यासारखी वाटते. सुटी उभी असलेली चढायची कमान ही पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सुचवलेली नाही, आणि तुमची मुलगी त्या उंबरठ्यावरच आहे. कमान अवघड जाते ती माथ्यावर. तिथपर्यंत मूल चढत असतं; माथ्यावर पोहोचल्यावर त्याला शरीर उलट्या बाजूला न्यायचं असतं, हातांची पकड बदलायची असते, आणि पाय पलीकडच्या न दिसणाऱ्या दांड्यावर टेकायचे असतात. हे तिन्ही एकदम करताना पकड सुटते. पडताना मूल हात पुढे टेकवतं, म्हणून मनगट, हाताची हाडं आणि कोपर यांनाच सर्वाधिक इजा होते.

यावर "कमानीकडे जायचंच नाही" हा उपाय पुरत नाही, कारण तुम्ही पाठ फिरवलीत की ती जाणारच. तिला पायरीपायरीने उतरायला शिकवा. आधी अर्ध्यापर्यंत चढायचं आणि त्याच बाजूने खाली यायचं. उतरताना तोंड कमानीकडे, दोन्ही हात घट्ट, एका वेळी एकच पाय हलवायचा. अर्ध्यापर्यंत न थांबता, न विचारता उतरता यायला लागलं की पाऊण. माथा ओलांडणं सगळ्यात शेवटी, तेही कमानीखाली पुरेशी भर असेल तरच. नसेल तर तुमच्या बागेत ते होणार नाही, हे तिला कारणासकट सांगा. पाच वर्षांच्या मुलीला "इथे जमीन कडक आहे, म्हणून इथपर्यंतच" हे समजतं.

चढताना खालून "पडशील, पडशील" म्हणण्याने तिचं लक्ष दांड्यावरून तुमच्याकडे जातं, आणि नेमकं काय करायचं हे कळतच नाही. त्याऐवजी कामाचं बोला: "डावा पाय कुठे ठेवतेस?", "हा दांडा ओला आहे का बघ", "आता उतरायची वाट कुठली?" तुम्ही शांत असाल तरच हे शब्द सुचतात, म्हणून आधी जमीन तपासून घ्या. खाली काय आहे ते माहीत असलं की आवाज आपोआप खाली येतो.

इथे सासऱ्यांचं अर्धं म्हणणं मान्य करायला हवं. खरचटणं, ढोपर फुटणं, टेंगूळ येणं यातून मुलं आपल्या शरीराचा अंदाज शिकतात. उंची, वेग, थोडीशी भीती मुलांना हवी असते, आणि ती पूर्ण काढून घेतली तर ती दुसरीकडे शोधतात. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मुलाला दिसणारा आणि त्याला स्वतः तोलता येणारा धोका एक: हा दांडा उंच आहे, जाऊ की नको? आणि मुलाला दिसूच न शकणारा धोका दुसरा: दबलेली माती, डोकं अडकवणारी फट, गंजलेला खांब. पहिला मुलाकडे सोपवायचा, दुसरा मोठ्यांनी आधीच काढून टाकायचा. "पोरं पडायचीच" हे पहिल्यापुरतं खरं आहे.

आता धाकट्याविषयी. तो "काहीच करत नाही" असं तुम्ही लिहिलंत. मिल्ड्रेड पार्टन या अभ्यासिकेने 1932 साली लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात दुसऱ्यांचा खेळ बघत राहणं हा एक स्वतंत्र प्रकार आहे. सव्वादोन वर्षांचं मूल फार तर दुसऱ्याच्या शेजारी बसून आपापलं खेळतं. मिळून खेळणं पुढे येतं. तोंडात बोट घालून उभा असलेला तुमचा मुलगा रांग कशी लागते, कोण ढकलतं, ताई कुठून उतरते, हे सगळं टिपत असतो. त्याला बघू द्या. तुम्ही शेजारी खाली बसा, म्हणजे तुमची उंची त्याच्याएवढी होईल, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं "जा ना, खेळ ना" म्हणू नका. गर्दी व्हायच्या आधी बागेत पोहोचलात तर बुजऱ्या मुलाला फार सोपं जातं. रिकाम्या बागेत तो आधी स्थिरावतो, मग मुलं येतात.

त्याला उचलून वर ठेवणं मात्र आजपासून थांबवा. लहान मुलांच्या बाबतीत हा नियम मी सर्वात वर ठेवतो: ज्या जागी मूल स्वतः चढू शकत नाही, तिथे त्याला ठेवायचं नाही. स्वतः चढलेल्या मुलाने पायांनी वाट ओळखलेली असते, त्यामुळे उतरायची थोडीफार कल्पना असते. उचलून ठेवलेल्या मुलाला ती नसते, म्हणून तो वर घाबरतो आणि रडतो. त्याची भीती अगदी योग्य आहे. उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं, कारण पाय दिसत नाहीत. ते जमिनीलगत शिकवा: वीस-तीस सेंटिमीटरची एखादी पायरी किंवा कट्टा शोधा, तिथे पोटावर वळायचं, पाय आधी खाली सोडायचे, जमीन लागली की हात सोडायचे. हे रोज चार-पाच वेळा झालं की काही आठवड्यांत तो वळणं स्वतःहून करू लागेल.

आधार द्यायचा तर कंबरेच्या दोन्ही बाजूंना हात ठेवा, न धरता, नुसते जवळ. एका मनगटाला धरून वर ओढू नका किंवा हाताला धरून झुलवू नका. चार-पाच वर्षांपर्यंत कोपराच्या सांध्यातलं हाडाचं टोक अशा ओढीने जागेवरून सरकू शकतं. मूल अचानक एक हात वापरेनासं झालं, तो अंगाशी धरून ठेवू लागलं, तर स्वतः ओढून-वळवून बघू नका, डॉक्टरांकडे न्या.

घसरगुंडीचं एक वेगळं सांगायला हवं, कारण त्यातली चूक प्रेमापोटी होते. घाबरणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन घसरणं सुरक्षित वाटतं, पण लहान मुलांच्या नडगीचं हाड त्यातच मोडतं. मुलाच्या बुटाचा रबरी तळ घसरगुंडीच्या कडेला किंवा पृष्ठभागाला चिकटतो, पाय तिथेच थांबतो, आणि मोठ्या माणसाचं वजन मुलाच्या धडासकट खाली जात राहतं. पाय पिळला जातो. मूल एकटं घसरत असतं तर त्याच्या स्वतःच्या कमी वजनाने ते थांबलं असतं. त्यामुळे धाकटा एकटा घसरू शकेल अशी, बुटकी घसरगुंडी असेल तर तुम्ही बाजूला उभ्या राहा. नसेल तर अजून काही महिने थांबा. बागेत त्याच्यासाठी घसरगुंडी वापरलीच पाहिजे असं काही नाही.

त्याच्या वयाला वाळूचा खड्डा पुरतो. एक डबा, एक चमचा, थोडं पाणी, वाळलेली पानं, काटक्या. हलवता, ओतता, रचता येणाऱ्या सुट्या वस्तूंतून मुलं जे खेळ काढतात ते एका जागी बसवलेल्या खेळण्यात शक्य नसतं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा लहान खडे आणि बिया मात्र बाजूला काढा, घशात अडकण्याचा आकार तोच. खड्ड्यात मांजराची घाण दिसली तर ती आणि भोवतालची वाळू लगेच काढून टाका. त्यातल्या जंतांची अंडी संसर्ग देण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून ताजी घाण वेळेवर निघाली तर धोका बराच टळतो. रात्री खड्डा झाकता आला तर उत्तम. घरी आल्यावर साबणाने हात.

उन्हाबद्दल थोडक्यात. लोखंडी घसरगुंडी तापते हे सगळ्यांना माहीत असतं. प्लॅस्टिक आणि रबरी जमीनही अनवाणी पाय भाजण्याइतकी तापते, हे लक्षात येत नाही. तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला ठेवता येत नसेल तर मुलाला बसवायचं नाही. दोन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाची त्वचा पातळ असते आणि ते पटकन उठतही नाही, तिथेच बसून रडतं.

कपड्यांचं एकच: गळ्याभोवती लोंबणारं काही नको. टोपीची नाडी, स्कार्फ, गळ्यातली माळ, सगळं घरी. सायकलवरून आलात तर हेल्मेट साधनावर चढण्याआधी काढायचंच; डोक्यावर हेल्मेट असलं की शरीर जातं त्या फटीत डोकं अडकतं.

दोन मुलं आणि तुम्ही एकट्या, हा तुमचा तिसरा प्रश्न. दोघांमागे धावणं शक्य नाही, म्हणून उभं राहायची जागा आधी ठरवा. धाकटा हाताच्या अंतरावर आणि थोरली नजरेच्या व आवाजाच्या टप्प्यात, अशी जागा प्रत्येक बागेत एक-दोनच असतात. बाकावर बसलं की बहुधा ती मिळत नाही. वाळूचा खड्डा आणि कमान यांच्या मधे, फाटकाकडे तोंड करून उभ्या राहिलात तर साधेल. फाटकाची कडी खरंच लागते का, ते आधीच्या एकट्या फेरीत तपासा. लागत नसेल तर तुमची जागा फाटकाजवळ सरकवा.

थोरलीला सीमा दाखवताना "लांब जाऊ नकोस" म्हणू नका. "त्या वाकड्या झाडाच्या पलीकडे नाही, आणि फाटकाला हात लावायचा नाही" असं, दोघींनी तिथपर्यंत चालत जाऊन सांगा. हाक-ओ ठरवा: तुम्ही ठरलेला शब्द म्हणालात की तिने हात वर करायचा. वेळही वाटून घ्या. पहिली वीस मिनिटं ताईची, त्या वेळात धाकटा कमानीजवळ तुमच्या शेजारी पानं गोळा करेल. नंतर त्याची, तेव्हा ताई वाळूत किंवा झोक्यावर. कमान तिच्या वीस मिनिटांतच, कारण तिथे तुमची नजर लागते.

झोक्याची जागा धाकट्याला नीट समजावून द्या, कारण चालत्या झोक्यासमोर येणं हे त्याच्याच वयाचं मूल करतं. झोका ज्या आडव्या खांबाला टांगला आहे त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर पुढे आणि तेवढंच मागे मोकळं हवं. खांब 2.4 मीटर उंच असेल तर दोन्हीकडे 4.8 मीटर. बुटाने मातीत रेघ ओढा आणि त्याला रेघेच्या बाहेर थांबायचा खेळ शिकवा. तरी ताई झोक्यावर असताना त्याचा हात धरूनच ठेवा.

एखादं मूल दिसेनासं झालं तर शोधायचा क्रम लक्षात ठेवा: आधी पाणी असेल तिथे, मग फाटक आणि रस्ता, आणि सगळ्यात शेवटी झाडाझुडपांत, खेळण्यांच्या आत. आसपासच्या मोठ्यांना मोठ्याने सांगा, "लाल शर्ट, सव्वादोन वर्षं". थोरलीला शिकवा की आई दिसली नाही तर जागेवरच थांबायचं आणि लहान मुलं बरोबर असलेल्या एखाद्या काकूंना सांगायचं.

आता रविवारच्या मोठ्या बागेचं. ती सोडू नका, पण तिचं काम वेगळं ठेवा. मुलं एकच पायरी, एकच दांडा पुन्हा पुन्हा करून शिकतात, आणि आठवड्यातून एकदा गेल्याने तेवढी आवृत्ती होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून निदान 180 मिनिटं हालचाल हवी. ती रविवारी साठवून ठेवता येत नाही. रोजच्या पाच मिनिटांच्या चालण्यासकट ती जवळच्या बागेतच होते. ॲम्स्टरडॅम शहरात 1947 ते 1978 या काळात वास्तुरचनाकार आल्डो व्हॅन आइक यांनी वस्तीवस्तीतल्या रिकाम्या जागांवर 700 हून अधिक छोटी खेळाची मैदानं रचली. त्यांत बहुतेक ठिकाणी वाळूचा खड्डा, उड्या मारायचे गोल ठोकळे आणि कोलांट्या मारायचे साधे पाइप एवढंच असे. घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, हाच त्यांचा मोठा गुण होता.

रविवारी मात्र तुम्ही दोघं आणि शक्य असेल तर आजोबाही असता, म्हणून त्या दिवशी उंच चढण्याचं काम काढा. एका मोठ्याने फक्त मुलीकडे बघायचं, दुसऱ्याने फक्त मुलाकडे, आणि "तू बघ ना जरा" असं मधे बदलायचं नाही. बदलायचं तर नाव घेऊन सांगायचं. पतींना मुलीबरोबर कमान किंवा लटकायची शिडी द्या. घरात घसरगुंडी आणण्याबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. बागेतल्या साधनाखाली निदान वाळू असू शकते. घरात बहुधा फरशी असते, भोवती टेबलाचे कोपरे असतात आणि मोकळी जागा अपुरी पडते. पाहिजेच असेल तर पातळ सतरंजी पुरत नाही, पडण्यासाठी तपासलेली जाड गादी आणि चारही बाजूंना भरपूर मोकळी जागा लागते. धावणं तरी घरात होत नाहीच.

तपासणीत तुमच्या छोट्या बागेत दोष सापडतील. बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना लिहा, पण "बागेची दुरवस्था" असं लिहू नका. "घसरगुंडीच्या पायथ्याशी वाळू फक्त 7 सेंटिमीटर, कमानीखाली भरच नाही, डावीकडच्या झोक्याचा आकडा उघडा" असं मोजून, तारखेसकट, मोजपट्टी दिसेल असे फोटो जोडून लिहा. कमान हलवायची मागणी करण्यापेक्षा खाली भर टाकायची मागणी लवकर मान्य होते. येणाऱ्या इतर आईवडिलांच्या सह्या घ्या, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन मोजा.

पुन्हा पडली तर काय, हेही तुमच्या मनात असेल. हात वाकडा दिसला, सूज वाढत गेली, बोटं बधिर झाली किंवा ती हात हलवूच देत नसेल, तर हात आहे त्या स्थितीत आधार देऊन दवाखान्यात. डोक्यावर पडली असेल आणि शुद्ध हरपली, वारंवार उलटी झाली, पेंगू लागली, विचित्र वागू लागली किंवा डोकेदुखी वाढत गेली, तर वाट न बघता. एरवी जखम धुवायची, थोडा वेळ मांडीवर, आणि तिला हवं असेल तर परत खेळायला.

मुलीला पहिल्यांदा बागेत नेताना थेट कमानीकडे नेऊ नका. आधी काठी घेऊन तिलाच वाळू मोजू द्या, झोक्याखालचा खळगा भरू द्या. कमानीचा पहिला दांडा कधी धरायचा ते ती सांगेल. तोवर दुसऱ्या दांड्यापर्यंत चढून उतरणं एवढंच पुरे.